फुसका बार

मिल्क नदी गोठली की ऑर्विल ट्वेट
गॅरेजमधला हीटर बंद करायचा
आणि स्वेटरवर स्वेटर चढवायचा.
"दारूशेजारी जाळ नको.
हुडहुडीने कुणी मेलेलं नाही."
(मोन्टानात मेलेत. पण मी बोलले नाही.)

टेबलावर एका वेळी एकच डबा.
दुसरा कपाटात, कुलपात,
कारण दोन डब्यांतल्या दारूतला फरक
डोळ्यांना कळत नाही,
आणि कळतो तेव्हा
डोळे शिल्लक असतीलच असं नाही.

पुंगळ्या अक्रोडाच्या भुशात रात्रभर घोळून
सकाळी लग्नातल्या भांड्यांसारख्या निघायच्या.
मी म्हणाले, छान.
तो म्हणाला, चकाकी बघू नकोस.
एकेक खिडकीकडे धर.
नखाने बूड चाचप.
तोंडाशी केसाएवढी चीर दिसली
की पक्कडीने चेपून टाक,
म्हणजे उद्या मन पालटलं तरी हात पालटणार नाही.
पितळ उघडं पडायचं ते असं, मुकाट्याने,
फेब्रुवारीच्या पांढऱ्या उजेडात.

प्राइमर आले त्याच खोक्यात राहायचे.
काचेच्या बरणीत ओतून ठेवणाऱ्या एका माणसाला
तो ओळखायचा.
"ओळखायचो," एवढंच म्हणायचा.

शिशाला हात लागला की कॉफी बंद.
आर्डिस दारातूनच थर्मास दाखवायची,
त्याचे काळे तळवे बघायची
आणि परत घेऊन जायची.

लोक हसतात फुसक्या बाराला.
ऑर्विल हसायचा नाही.
दारू घालायची राहून गेलेली एक पुंगळी,
नुसत्या प्राइमरचा जोर,
फट्...
गोळी नळीत अर्ध्यावर अडकून बसलेली,
आणि बोट पुन्हा चापावर.
"त्याच्यानंतरचा बार फुसका नसतो."
हे सांगताना तो डावा हात खिशात घालायचा.

त्या गुरुवारी पन्नास भोकांची फळी अर्धीअधिक भरत आली होती.
काही पुंगळ्यांवर गोळ्या बसल्या होत्या,
काहींत दारू पडली होती, काही रिकाम्या.
स्वयंपाकघरात फोन वाजला.
बिलिंग्जचं हॉस्पिटल.
आर्डिस तिथे तीन आठवडे होती.

तो परत आला, स्टुलावर बसला,
चष्मा लावला.
"मी कुठे थांबलो होतो?"
मला माहीत नव्हतं.
मी त्याच्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघत होते.
टॉर्च पाडून बघितलं,
मला तरी सगळं ठीक दिसलं. तसं म्हणालेही.

त्याने उघड्या पुंगळ्या डब्यात रिकाम्या केल्या.
मग ती हातोड्यासारखी वस्तू काढली:
तयार काडतूस तिच्यात अडकवायचं,
लाकडावर आपटायचं,
गोळी वेगळी, दारू वेगळी.
ठक्. ठक्.
तीन वाजता धान्याची मालगाडी गेली
तेव्हाही, ठक्.
मला वाटलं, दुःखाला हातोडा हवा असतो.
तसंही असेल.
पण प्रत्येक पुंगळीतली दारू तो
काट्यावर घालून बघत होता,
आणि काट्याचा आकडा
मला वाचून दाखवायला लावत होता,
कारण त्याचे डोळे भरलेले होते
आणि हे त्याला चालणार नव्हतं.

आता ते यंत्र माझ्या टेबलावर आहे.
फोन दुसऱ्या खोलीत, खणात, टॉवेलांच्या खाली.
गेल्या महिन्यात तरी ऐकू आला.
मुलगा विचारत होता, बर्फाचं फावडं कुठे ठेवलंय.

परत आले. एकतिसावी.
खूण म्हणून एक स्क्रू ठेवला होता,
तो जागच्या जागी होता.
मला खात्री होती.
अगदी पुरेपूर खात्री.

पक्की खात्री असलेल्या माणसाबद्दल
ऑर्विल काय म्हणायचा, ते आठवलं,
आणि फळी उचलून
मी सगळं ओतून टाकलं.